कोतवाल बुकातला जिल्हा

तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागायला आलेल्या माणसाला आज बहुधा एकच ओळ हवी असते. पणजोबाला मुलगा झाल्याची नोंद आणि तिच्यासमोर लिहिलेली जात. तेवढ्यावर दाखल्याचं काम होतं. त्या ओळीच्या वरखाली काय लिहिलंय ते वाचायला ना त्याला सवड असते, ना कारकुनाला. पण ही वही मुळात जातीची नव्हेच, ती जन्ममरणाची. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर कोतवालाने पोलीस ठाण्यात पोचवायची, असा मध्य प्रांतातला कायदा होता. कोतवाल बहुतेक गावांत महार समाजाचा. पुष्कळांना लिहिता येत नसे, म्हणून ठाण्यात तो सांगे आणि तिथला मुन्शी लिहून घेई. मरणाच्या कारणाचा रकाना भरताना दोघांचीही पंचाईत होई. मग ‘ताप’ लिहायचा. हिवताप म्हणजे ताप, विषमज्वर म्हणजे ताप, बाळंतरोग म्हणजे ताप, लेकराच्या छातीत कफ दाटला तरी ताप. देवी आणि पटकी तेवढ्या वेगळ्या ओळखू येत.

वर्धा जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास लिहायचा तर मला वाटतं या वहीतल्या जन्म आणि मरण या दोन रकान्यांतून लिहावा. गांधी आले, विनोबा आले, गिरण्या आल्या आणि गेल्या, हे सगळं त्यात येतंच. पण घराघरात खरा पालट झाला तो पाळणा आणि तिरडी यांच्या हिशेबात.

जिल्हा जन्मला 1862 साली, नागपूरपासून तोडून. आधी ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं. 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याजवळ नवं गाव आखलं गेलं, तेच आजचं वर्धा शहर. घाई कापसाची होती. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंगणघाटच्या बणी कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. त्याआधी हाच कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे. पुढे हिंगणघाटला आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कागदावर याला आर्थिक विकासच म्हणायचं. रूळ, तार, गिरणी, बाजारपेठ, सगळं होतं.

आणि माणसं? 1891 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती 4 लाखांच्या थोडी वर होती. 1901 मध्ये ती 3 लाख 85 हजारांवर आली. मधल्या दहा वर्षांत 1896-97 चा दुष्काळ झाला आणि 1899-1900 चा त्याहून भारी झाला. आगगाडी असून माणसं मेली. गाडीतून धान्य आलं तरी ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता, कारण शेतातलं कामच बुडालेलं. दुष्काळात निव्वळ भुकेने मरणारे थोडे. भुकेने खंगलेल्या अंगात पटकी आणि हिवताप शिरतात आणि वहीत पुन्हा ‘ताप’ लागतो.

पुढच्या दहा वर्षांत कापूस पिकला, बाहेरून मजूर आले आणि 1911 पर्यंत वस्ती 4 लाख 60 हजारांच्या घरात गेली. तेव्हाच्या एखाद्या मालगुजाराला विचारलं असतं, तर आता जिल्ह्याची भरभराट सुरू झाली असंच तो म्हणाला असता.

मग 1918 चा पावसाळा कोरडा गेला आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मानमोडी आली. सप्टेंबरात मुंबईत बळावलेला हा इन्फ्लुएंझा रेल्वेच्या रुळांवरून आत शिरला. मुंबई-नागपूर मार्ग वर्ध्यावरूनच जातो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांत मध्य प्रांत-वऱ्हाडाची जी दशा झाली, तशी हिंदुस्थानात फार थोड्या प्रांतांची झाली. साऱ्या देशात सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान माणसं दगावली असं अभ्यासक मानतात. रोगाची खोड उलटी होती. म्हातारे वाचले आणि विशी-तिशीतले गेले. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, कारण आजारी घराचं पाणी, चूल, शेणगोठा सगळं त्यांच्याच अंगावर आणि त्यांच्या तोंडात घास सर्वांत शेवटी. ज्वारी कापणीला आली तर कापायला माणूस नाही, अशी गावं होती. ज्या बायकांना पुढच्या वर्षी मुलं व्हायची त्याच गेल्या, म्हणून 1919 मध्ये जन्मही रोडावले.

1921 ची गणना झाली तेव्हा वर्धा जिल्ह्यात 4 लाख 64 हजारांच्या आसपास माणसं भरली. दहा वर्षांची एकूण वाढ शेकडा एकाहूनही कमी. देशाचं चित्र वेगळं नव्हतं. त्या दशकात हजारी सुमारे 48 जन्म आणि सुमारे 47 मृत्यू. पाळणे भरत होते आणि रितेही होत होते. जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. त्याचा अर्थ सगळे विशीत मरत होते असा नव्हे. विशी गाठलेल्या माणसाला पन्नाशी दिसण्याची आशा असे. पण निम्म्याच्या जवळपास मुलं मोठी होण्याआधीच जात आणि सरासरी खाली ओढत. मध्य प्रांतात वर्षाच्या आत मरणाऱ्या बाळांचं प्रमाण सरकारी नोंदीतही हजारात दोनशेच्या वर असे, आणि पाचवी पुजायच्या आत गेलेल्या कितीतरी बाळांची खबर कोतवालापर्यंत पोचतही नसे.

विदर्भातल्या जुन्या सातबाऱ्यांवर उकंडा, भिका, धोंडबा, फकिरा अशी नावं किती सापडतात पाहा. आधीची दोन-तीन मुलं गेली की पुढचं मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं, मग शेजारणीने ते उचलून आईच्या ओटीत घालायचं. टाकलेलं पोर आहे, याला कोण नेणार, असा सटवाईशी केलेला तो कावा. या बायांना कुणी ‘जास्त मुलं का’ असं विचारलं असतं, तर प्रश्नच कळला नसता. आठ बाळंतपणांतून चार मुलं हाताशी लागायची. आठ मुलं हवीत असं कुणी ठरवलेलं नव्हतं. ती चार जगवण्याची धडपड होती.

याच सुमारास पश्चिमेकडचे पंडित एक कोडं सोडवत होते. इंग्लंडसारख्या देशांत आधी मृत्यू कमी झाले, मग बऱ्याच वर्षांनी जन्मही कमी झाले, आणि मधल्या काळात लोकसंख्या भराभर फुगली, हे काय गौडबंगाल? अमेरिकेत वॉरन थॉम्पसनने 1929 मध्ये देशांची या क्रमाने वर्गवारी केली, फ्रान्समध्ये लँड्रीने 1934 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 1945 मध्ये फ्रँक नोटस्टाइनने त्याला सिद्धान्ताचा घाट दिला. सार असं: देश श्रीमंत होतो, शहरं वाढतात, अन्न आणि स्वच्छता सुधारते, मरण मागे हटतं, मग काही पिढ्यांनी मुलं वाढवणं खर्चाचं होतं आणि जन्मही घटतात. इंग्लंडमध्ये ही दुसरी पायरी 1870 च्या पुढे आली. संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल 1877 मध्ये लंडनला ज्यांच्यावर खटला झाला त्यांत ॲनी बेझंट होत्या. थिऑसफीकडे वळल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला आणि मग त्या हिंदुस्थानात आल्या. आपल्याकडे आल्या त्या सोवळ्या होऊनच.

मुंबईत मात्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 पासून संततिनियमनाचं केंद्र चालवलं होतं. त्यापायी त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. कर्व्यांचं लिखाण वर्ध्यापर्यंत कितपत पोचलं असेल, शंकाच आहे. वर्ध्याला या विषयाची ओळख झाली ती भलत्याच दिशेने.

2 डिसेंबर 1935 ला, सोमवारी, मार्गारेट सँगर वर्ध्यात उतरल्या. सोमवार म्हणजे गांधीजींचा मौनाचा दिवस. अर्ध्या जगाचा फेरा करून बाई आल्या आणि यजमान बोलेनात! बोलणी पुढचे दोन दिवस, गांधी तेव्हा राहत होते त्या मगनवाडीत झाली. सँगर या आयरिश वंशाच्या मजूर घरातल्या. त्यांच्या आईला अठरा वेळा दिवस गेले, अकरा मुलं जन्मली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती क्षयाने गेली. 1916 मध्ये ब्रुकलिनला अमेरिकेतलं पहिलं संततिनियमनाचं केंद्र काढून त्या तुरुंगात गेल्या होत्या. आता अखिल भारतीय महिला परिषदेच्या निमंत्रणावरून आल्या होत्या आणि गांधींचा एक शब्द मिळाला तर देशभर काम सोपं होईल असा त्यांचा हिशेब होता.

शब्द मिळाला नाही. गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनी हा संवाद टिपून ‘हरिजन’मध्ये छापला. मुलं कमी असावीत, बाईवर बाळंतपण लादलं जाऊ नये, इथवर दोघांचं एकमत होतं. गांधींचं म्हणणं असं की बाईने नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, आणि संतती हवी असेल तेव्हाच स्त्रीपुरुषांनी जवळ यावं. साधनं आली की संयम सुटेल आणि पुरुषाला मोकळं रान मिळेल, अशी त्यांना भीती होती. सँगर म्हणाल्या की तीव्र इच्छा बाईलाही असते, आणि प्रेमाने एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला आयुष्यात तीन-चारदाच जवळ यायला सांगणं अशक्य आहे. शेवटी महिन्यातल्या सुरक्षित दिवसांचा उपाय निघाला, तेव्हा बाकीच्यांपेक्षा हा आपल्याला कमी टोचतो, एवढं गांधी कबूल झाले. सँगर गेल्या आणि काही दिवसांतच गांधींचा रक्तदाब इतका चढला की पुढे बरेच आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली.

मला या भेटीतलं एक राहून राहून खटकतं. स्त्रीच्या इच्छेवर दोन दिवस बोलणं झालं, पण मगनवाडीच्या कुंपणाबाहेरची एकही बाई त्या खोलीत नव्हती. ती असती तर तिने संयमही मागितला नसता आणि साधनही. पोटचं जगू द्या, एवढंच म्हणाली असती.

चार-पाच महिन्यांनीच गांधी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. सहाशे-सातशे वस्तीचं, साप आणि हिवतापाचं गाव. त्याच वर्षी हिवतापाने त्यांनाच गाठलं आणि वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात न्यावं लागलं. 1939 च्या सुमारास गांधींचे दुसरे चिटणीस प्यारेलाल यांची बहीण, दिल्लीहून डॉक्टर झालेली सुशीला नय्यर, भावापाशी आली. ती येते न येते तोच परिसरात पटकी उसळली आणि या तरुण मुलीने ती जवळजवळ एकटीने आटोक्यात आणली. कस्तुरबा 1944 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत गेल्या. त्यांच्या नावाने सेवाग्रामात बायका-मुलांसाठी 15 खाटांचा दवाखाना सुरू झाला, तो सुशीलाबेनच्या हातून. सँगरच्या प्रश्नाचं खरं उत्तर, माझ्या मते, तिथून सुरू होतं, आणि ते देताना कुणाच्या मनात तो प्रश्न नव्हता.

स्वातंत्र्यानंतर डीडीटीचे फवारे आले, पेनिसिलीन आलं, क्षयाची औषधं आली. पंडितांच्या सिद्धान्तात मरण मागे हटवायला आधी देश श्रीमंत व्हावा लागतो. इथे शेतकरी होता तसाच कर्जात होता, घर कुडाचंच होतं, पण डास मेले आणि मुलं जगली. हिशेब बघा: 1931 मध्ये जिल्हा 5 लाख 16 हजारांचा, 1951 मध्ये 5 लाख 39 हजारांचा. वीस वर्षांत वाढ जेमतेम 23 हजार. त्याच्या पुढच्या वीस वर्षांत, 1971 पर्यंत, 7 लाख 80 हजार. म्हणजे 2 लाख 40 हजारांची भर. पुलगावच्या दारूगोळा डेपोसाठी बाहेरून माणसं आली हे खरं, पण एवढी नव्हे. सवय मात्र जुनीच चालू होती. चार जगवायला आठ जन्माला घालायची, आणि आता आठांतली सात जगू लागली.

दिल्लीत 1962 पासून आरोग्यमंत्री कोण, तर सुशीला नय्यर. गांधींच्या शिष्येच्या कारकिर्दीतच 1965 मध्ये गर्भाशयात बसवायचा लूप आला आणि 1966 मध्ये कुटुंबनियोजनाचं स्वतंत्र खातं निघालं. लूपने रक्तस्राव झाला, तक्रारी वाढल्या, खेड्यात अफवा पसरल्या आणि कार्यक्रम बसला. तोवर महाराष्ट्राने नसबंदीची शिबिरं भरवण्यात देशात नाव काढलं होतं. लाल त्रिकोण, दोन किंवा तीन पुरेत, आणि मग मास्तर, तलाठी, ग्रामसेवक यांच्या गळ्यात बांधलेलं ‘केस आणायचं’ टार्गेट. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षाने पुरुषांची नसबंदी कायमची बदनाम झाली आणि पुढचा सगळा भार बायकांवर पडला. दुर्बिणीचं ऑपरेशन, प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी टेबलावर आणि संध्याकाळी बाजेवर.

मंत्रिपद गेल्यावर सुशीलाबेन सेवाग्रामला परतल्या. 1969 मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली, खेड्यात काढलेलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. विद्यार्थी खादी घालून गावात राहायला जात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेई. याच संस्थेतल्या डॉ. उल्हास जाजूंनी ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा उभा केला. खळं झालं की ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने ज्वारी गोळा करायची. अचानक आलेल्या दुखण्याला दवाखाना मोफत, बाळंतपणासारख्या आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीला थोडे पैसे. गावातल्या बहुतेक घरांनी सामील व्हायचं, नाहीतर योजना नाही. दवाखान्याशी असा वर्षभराचा संबंध जुळला की पहिल्यांदा बाईला हिशेब बदलता येतो. दोन झाली, दोन्ही धडधाकट आहेत, आता बस.

शंभरेक वर्षांपूर्वी देशात हजारी पन्नासच्या आसपास असलेला जन्मदर 1971 मध्ये महाराष्ट्रात 32 होता आणि 2020 मध्ये 15 वर आला. मृत्युदर 12 वरून साडेपाचवर, आणि वर्षाच्या आतले बालमृत्यू हजारी 105 वरून 16 वर. दर बाईमागे मुलं 2005-06 च्या पाहणीत 2.1 होती, 2019-21 मध्ये 1.7. वर्धा जिल्हा तर राज्याच्याही पुढे पळाला. 1961 ते 1971 मध्ये त्याची वस्ती शेकडा 23 ने वाढली होती. 2001 ते 2011 मध्ये राज्य शेकडा 16 ने वाढलं आणि वर्धा पाचने. पुण्या-नागपुराकडे गेलेली पोरं त्यात आहेतच, पण मुळात पोरंच कमी होती.

आणि हे घडलं कुठे? 2006 मध्ये पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होता. हिंगणघाट-पुलगावच्या जुन्या गिरण्यांचे दिवस कधीच फिरले होते. श्रीमंती आली म्हणून पाळणा लांबला, हे विधान इथे उभं राहत नाही. मुलगी शाळेत गेली, तिचं लग्न चार-सहा वर्षं पुढे सरकलं, लेकरू जगण्याची खात्री वाटू लागली, आणि शेतीचे तुकडे इतके झाले की दोन भावांत वाटायलाही काही उरलं नाही. शेवटच्या कारणाला विकास म्हणायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. कमी मुलांसोबत एक काळी बाजूही आली. मुलगा तर हवाच, मग सोनोग्राफी. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या आणि 2011 मध्ये 894.

मगनवाडीतल्या दोघांपैकी जिंकलं कोण? गांधींचा मार्ग घेणाऱ्या बायका पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांनी 1959 मध्ये स्थापलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात आहेत, पण त्या मूठभर. सँगरची साधनं, बाईने हवी तेव्हा वापरावी आणि हवी तेव्हा सोडावी अशी, खेड्यात फारशी रुजली नाहीत. महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलंय, तेही बहुतेकींनी तिशी गाठण्याआधी. ऑपरेशन केलेल्या पुरुषांचं प्रमाण शेकड्यात एकही भरत नाही.

2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 मध्ये व्हायची आहे. गेल्या खेपेला जिल्हा 13 लाखांवर जेमतेम पोचला होता. या वेळी आकडा त्याच्या खाली आला, तर सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच वर्ध्यात माणसं घटलेली दिसतील. शेवटची घट 1901 ची, ती मरणांमुळे होती.